एकाच हाताचे चार कागद

“सेक्रेटरी पागधरे आपणच का?” जीपमधून उतरलेल्या माणसानं विचारलं आणि एकनाथच्या पेन्सिलीचं टोक हजेरीच्या कागदावर मोडलं. सकाळचे साडेसात वाजले होते. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर एका कंत्राटदाराच्या माणसांची हजेरी घ्यायचं काम तो करायचा. पत्र्याच्या आडोशाखाली टेबल, टेबलापुढे दीडदोनशे माणसांची रांग आणि रांगेतून ‘बाबूजी, जल्दी लिखो’ असा गलका. इथं तो बाबूजी होता, मुन्शी होता, कुणाकुणाचा नुसता ‘ओ पागधरे’ होता. सेक्रेटरी हा शब्द गेल्या चार वर्षांत त्याच्या कानावर आला नव्हता, आणि आला तो असा, सगळ्यांसमोर, इतक्या अदबीनं, की कुणीतरी मुद्दाम थट्टा करायला माणूस पाठवलाय असंच त्याला आधी वाटलं. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यानं मान वर केली. समोर पांढऱ्या बुशशर्टातला, चष्मा लावलेला, वयानं त्याच्याहून लहानच असेल असा एक अधिकारी उभा होता, आणि त्या अधिकाऱ्याच्या खांद्यामागे, रांगेत तिसरा, त्याचा थोरला भाऊ जानू. जानूनं तो शब्द ऐकला होता. त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यानं फक्त बाजूला वाळूत थुंकून टाकलं.

जानू रोज त्या रांगेत असायचा. रोज टेबलापुढे येऊन आपला नंबर सांगायचा, आणि तोही हिंदीत, जणू टेबलामागे कुणी परमुलखातला माणूस बसलाय. “एक सौ सोलह.” एवढंच. एकनाथ खूण करायचा. भावाभावांत दिवसातून एकदा एवढं बोलणं व्हायचं आणि त्यालाही बोलणं म्हणायचं तर. त्यांच्या गावी, घिवलीत, ज्याची स्वतःची होडी होती, ज्याच्या अंगाला सुक्या बोंबलांचा आणि खाऱ्या वाऱ्याचा वास असायचा, तो माणूस आता सिमेंटच्या गोणी वाहत होता, आणि संध्याकाळी त्याच्या भुवयांवर, कानांच्या भोकांत राखाडी भुकटी बसलेली असायची. ती बघितली की एकनाथ नजर दुसरीकडे वळवायचा. ते दुःख आहे की राग आहे हे त्यानं कधी तपासून पाहिलं नव्हतं. राग म्हणणं सोपं होतं. रागाला धरून माणूस सायकल मारत बोयसरच्या खोलीवर परत जाऊ शकतो.

अधिकाऱ्याचं नाव कृष्णकांत राऊत. मुंबईच्या सरकारी कचेरीतून आला होता. “मूळचे आम्ही केळव्याचे,” त्यानं जीपमध्ये बसल्याबसल्या सांगितलं, म्हणजे परका समजू नका. मुकादमाला सांगून त्यानं एकनाथची अर्ध्या दिवसाची सुट्टी करून घेतली होती. जीप बोयसर ओलांडून बेटेगावच्या बाजूनं, पुढे उमरोळीवरून पालघरच्या रस्त्याला लागली. दोन्हीकडे भात कापून झालेली शेतं आणि डोक्यावर गवताचे भारे घेऊन चाललेल्या बायका. एकनाथ काही विचारत नव्हता. त्याच्या मनात एकच गोष्ट फिरत होती, की चार वर्षांनी कुणीतरी ते प्रकरण उकरून काढलंय आणि आता त्याला बेड्याच पडायच्या राहिल्यात. पडू देत. बेड्या पडल्या तर निदान कोर्टात उभं करतील, निदान कुणीतरी विचारेल. घिवलीच्या सोसायटीच्या पडवीत कुणी काही विचारलंच नव्हतं. तिथं सगळ्यांना सगळं आधीच ठाऊक होतं.

पालघरच्या विश्रामगृहात राऊतनं चहा मागवला आणि पिशवीतून एक टंकलिखित कागद काढला. “तुम्ही त्रेसष्ट साली मच्छीमार सोसायटीसाठी नायलॉनच्या सुताची कोटेशनं मागवली होती. चार पेढ्यांकडून.”

“मागवली होती.”

“चारही कोटेशनांत भाव सारखा आला.”

एकनाथनं कप खाली ठेवला. “साहेब, ते कागद मी लिहिले नाहीत. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.”

“अहो, मला ठाऊक आहे ते,” राऊत म्हणाला. “तुम्ही लिहिले नाहीत. कुणी लिहिले तेही ठाऊक आहे. त्यासाठीच तर आलोय.”

हे वाक्य राऊत इतक्या सहज बोलून गेला, बशीत सांडलेला चहा फुंकून पिता पिता, की एकनाथला ते नीट ऐकूच आलं नाही. मग ऐकू आलं. विश्रामगृहाच्या कौलांतून उन्हाचा एक कवडसा टेबलावर पडला होता, त्यात माशी चालत होती. चार वर्षं. माणूस चार वर्षं डोक्यावर दगड घेऊन उभा असावा आणि दुसऱ्या कुणीतरी जाता जाता, अहो, तो तुमचा नाहीच, असं म्हणावं. एकनाथला हायसं वाटायला हवं होतं. त्याला ती बशी भिरकावून द्यावीशी वाटली.

तेव्हा घिवलीत सगळी जाळी तागाची आणि कापसाच्या सुताची होती. झाडाच्या साली उकळून त्या लालसर पाण्यात ती बुडवायची, वाळवायची, तरी वर्ष दोन वर्षांत कुजायची. नायलॉन कुजत नाही, हलकं असतं, पाण्यात दिसत नाही, हे एकनाथ मुंबईला बघून आला होता. गावातला पहिला मॅट्रिक झालेला तो. सोसायटीचा सेक्रेटरी करून त्याला बसवला होता चंद्रभानकाकांनीच. चंद्रभानकाका सोसायटीचे चेअरमन, गावातले सगळ्यांत जुने तांडेल, होडीचे म्होरके, त्यांचा शब्द म्हणजे शब्द. एकनाथनं त्यांना समजावलं, की दलालाकडून सूत घ्यायचं नाही, परदेशी सूत आणायचा परवाना असलेल्या मुंबईच्या चार पेढ्यांना लिहायचं, बंद पाकिटात भाव मागवायचे आणि सगळ्यांसमोर उघडायचे. जो कमी देईल त्याचा माल. काकांना ते ‘सगळ्यांसमोर’ फार आवडलं होतं. भांगाचे दिवस होते, पाण्याला ओढ नसल्यानं होड्या किनाऱ्यावर लागलेल्या, पडवी भरलेली. एकनाथनं कात्रीनं पहिलं पाकीट कापलं, भाव वाचला. दुसरं कापलं. तोच भाव. तिसऱ्याला त्याचा आवाज जरा चिरका झाला. चौथं त्यानं वाचलंच नाही, काकांच्या हातात दिलं. काकांना इंग्रजी येत नव्हतं पण आकडे येत होते. चारही कागदांवर रुपये सारखे, पैसे सारखे. अटी सारख्या. आणि माल पोचवायचं ठिकाण लिहिताना चौघांनीही बोयसरचं इंग्रजी स्पेलिंग एकसारखंच चुकवलेलं, एसच्या जागी झेड. ते कुणाच्या लक्षात आलं? एकनाथच्याच. ते बोलून कुणी दाखवलं? एकनाथनंच. बघा, गंमत आहे, असं म्हणून हसला होता तो. तेवढ्या हसण्यावर सगळं गेलं. चंद्रभानकाकांनी ते चार कागद मांडीवर एकाशेजारी एक ठेवले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “ह्ये एकाच हाताचं हाय.” आणि मग एकनाथच्या हाताकडे बघितलं. पडवीतल्या पन्नास माणसांनी त्यांच्या नजरेमागोमाग त्या हाताकडे बघितलं. सेक्रेटरीचा हात. लिहिणारा हात. गावात दुसरा लिहिणारा होता कोण? पैसे खायला खोटी कोटेशनं त्यानंच बनवली, हे तिथंच ठरून गेलं.

आणि त्यांचं खरं होतं, हेच आता राऊत सांगत होता. हात एकच होता. फक्त तो घिवलीचा नव्हता. बाहेरच्या एका देशात हे सूत बनवणारे चार कारखाने होते. त्यांनी एका हॉटेलात बसून ठरवलं होतं, की भाव काय लावायचा, कुठल्या मुलखात कुणी किती विकायचं. मुंबईच्या चार पेढ्या म्हणजे त्या चौघांचे चार एजंट. भाव तिकडूनच ठरून यायचा, कागदसुद्धा तिकडच्याच एका टायपिस्टनं तयार करून पाठवलेले. पेढ्यांनी आपापला शिक्का मारला एवढंच. “त्या देशात ह्याविरुद्ध कायदा आहे,” राऊत सांगत होता, आणि सांगताना त्याचे डोळे चष्म्यामागे चमकत होते, “धंदेवाल्यांनी आपसात संगनमत करायचं नाही. त्यांच्या सरकारची त्यासाठी वेगळी कचेरी आहे. कारखान्यांनी आपली सगळी दप्तरं जाळून टाकलीत. म्हणून त्या सरकारनं आपल्या सरकारला लिहिलंय, तुमच्याकडे पुरावा असेल तर द्या. पागधरे, ही नवी गोष्ट आहे. माल दर्यापार जातो, संगनमत दर्यापार जातं, मग चौकशी का अडावी? आता सरकारं एकमेकांना मदत करायला लागलीत. आमच्या साहेबांनी हे काम माझ्याकडे दिलं. मी राज्यातल्या सगळ्या सोसायट्यांना लिहिलं. कुणीच जुनी कोटेशनं ठेवली नव्हती. घिवलीहून उत्तर आलं, की आमच्याकडे नाहीत, सेक्रेटरी घेऊन पळाला.”

“पळाला,” एकनाथ म्हणाला.

“तसं लिहिलं होतं. म्हणून मी तुम्हाला शोधलं.”

कागद त्याच्या ट्रंकेत होते; पडवीतून निघताना तेवढे तो घेऊन आला होता. चार वर्षांत त्यानं ते किती वेळा काढून बघितले होते ते प्रेमलाला, त्याच्या बायकोला, माहीत होतं. त्या संध्याकाळी ती बोयसरच्या त्या एका खोलीत स्टोव्हपुढे बसून त्याचं सगळं ऐकत होती. “सगळे देऊ नका,” ती म्हणाली. “त्याच्याकडून आदी लिवून घ्या, का ह्या माणसाचा काय गुना नाय. एक वळ लिवा म्हनावं. शिक्का मारून.” एकनाथ तिच्यावर खेकसला. सरकारी माणूस दारात आलाय, स्वतःहून आलाय, दोन देशांची सरकारं ह्या चार चिटोऱ्यांसाठी एकमेकांना पत्रं लिहितायत, आणि ही बाजारात भाजी घेतल्यासारखं आधी हे द्या मग ते देतो म्हणतेय! प्रेमला स्टोव्हकडे वळली. तिनं स्टोव्हला पंप मारला, जास्तच जोरात. पुढे कितीतरी दिवस तो पंपाचा आवाज त्याच्या डोक्यात राहिला.

दुसऱ्या दिवशी पालघरला त्यानं कागद दिले, जबानी दिली, प्रत्येक पानावर सही केली. राऊतनं हात जोडून नमस्कार केला. “आता हे सीलबंद पाकिटातून दिल्लीला आणि दिल्लीहून तिकडे. तुमचे आभार मानावे तेवढे थोडे.”

“साहेब, एक मागणं आहे. एकदा घिवलीला चला. चंद्रभानकाकांना एवढंच सांगा, मला जे सांगितलंत ते.”

“येईन ना! निकाल लागू दे. मग उघडच सांगता येईल. स्वतः येईन.”

त्या ‘स्वतः येईन’वर एकनाथ चार महिने जगला. सकाळी हजेरीच्या टेबलावर बसल्यावर त्याची बोटं हलकी चालायची. जानू पुढे आला की त्याला वाटायचं, आत्ता सांगावं, हातातली पेन्सिल खाली ठेवून सांगावं, दादा, ऐक. पण मग वाटायचं, नको, नुसत्या तोंडानं नको. कागद येऊ दे. त्या कोटेशनांच्या वर्षी गावानं सूत घेतलंच नव्हतं. एकनाथला काढून टाकलं आणि त्याच्याबरोबर नायलॉनही टाकून दिलं, जणू दोन्हींना एकच कीड लागली होती. शेजारच्या गावांनी तोच माल त्याच भावानं दलालाकडून उचलला, कारण दुसरा भाव कुठं नव्हताच, आणि त्यांच्या होड्या भरून यायला लागल्या. घिवलीची कुजकी जाळी दोन हंगाम फाटत राहिली. तिसऱ्या वर्षी जानूनं होडी विकली. विकली त्या दिवशी एकनाथ बोयसरला होता; त्याला ते चार दिवसांनी स्टेशनावर मासळीची पाटी घेऊन बसलेल्या एका बाईकडून कळलं. तो ज्या रस्त्यानं सायकल मारून जायचा त्याच रस्त्यावर कधीतरी ती होडी बैलगाडीवर घालून नेली असेल, असं उगाच त्याला दिसत राहायचं, आणि मग तो पायडलवर इतका जोर द्यायचा की साखळी उतरायची.

फेब्रुवारीत राऊतचं पोस्टकार्ड आलं. पालघरला अमक्या तारखेला आहे, भेटावे. एकनाथनं परीटघडीचा सदरा घातला. प्रेमलानं विचारलं, “घिवलीला येनार का ते?” तो म्हणाला, “येणारच.” विश्रामगृहातली तीच खोली, पण ह्या वेळी राऊत खिडकीशी उभा होता आणि चहा मागवायचं विसरला होता.

“काम झालं,” राऊत म्हणाला. “म्हणजे तिकडचं. तुमच्या कागदांनी फार मोठं काम केलं, पागधरे. चौघे एकाच टेबलावर बसले होते हे त्या स्पेलिंगवरून सिद्ध झालं. कारखान्यांनी कबूल केलं, लेखी हमी दिली, तिथले भाव खाली आणले. त्यांच्या सरकारनं आपल्या सरकारचे आभार मानलेत.”

“तिथले भाव.”

“हो.”

“आणि इथले?”

राऊतनं चष्मा काढला, पुसला. “त्यांचा कायदा त्यांच्या गिऱ्हाइकांसाठी आहे. त्यांच्या देशात विकताना संगनमत करायचं नाही. बाहेरच्या देशात विकायच्या मालाबद्दल आपसात काही ठरवलं तर त्याला त्यांच्या कायद्यात मोकळीक आहे. ते त्यात हात घालत नाहीत.”

“मग आपल्या कायद्यानं घाला.”

“आपला कायदा व्हायचाय अजून. मसुदा दिल्लीत आहे.”

एकनाथ ऐकत होता आणि त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती, शांतपणे, फळीला फळी बसावी तशी. त्या देशालाही किनारा असेल. किनाऱ्यावर गाव असेल, बायका वलांड्यांवर बोंबील नाहीतर त्यांची जी काय मासळी असेल ती वाळत घालत असतील. “म्हणजे तिथल्या कोळ्याचं जाळं स्वस्त झालं,” तो म्हणाला. “आमच्या कागदावर.”

“असं बघू नका हो.”

“मग कसं बघू? कसं बघू ते सांगा की!” त्याचा आवाज एकदम चढला आणि चढता चढता त्याची शाळेत कमावलेली भाषा त्याच्या तोंडातून गळून पडली. “माझ्या भावानं होडी विकली, साएब! रोज सिमिटाच्या गोनी उचलतो तो माज्यासमोर, आन मी त्याचा नंबर लिवतो. तुमच्या दोन सरकारांनी एकमेकांना नमस्कार घातला, ब्येस झालं. माजं काय? मला एक वळ लिवून द्या. का ह्ये चार कागद एकनाथ पागधऱ्याच्या हातचं नाय. बस. बाकी काय नको.”

“देता येत नाही,” राऊत म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “दोन सरकारांमधला पत्रव्यवहार गोपनीय असतो. मी तुम्हाला एवढं बोललो तेसुद्धा बोलायला नको होतं.”

“माझे कागद तरी परत द्या.”

“ते तिकडच्या दप्तरात गेले.”

“घिवलीला येतो म्हणाला होतात.”

राऊत खिडकीकडे वळला. तो वाईट माणूस नव्हता. हेच तर एकनाथला सहन होईना. समोर कुणी हरामखोर असता तर गळा धरता आला असता. हा चांगला पोरगा होता, केळव्याचा, आईनं भात-मासळी घालून वाढवलेला, आणि त्याच्या त्या चांगुलपणातून हात घालून कुणीतरी एकनाथच्या ट्रंकेतून कागद काढून नेले होते. एकनाथनं टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलला. राऊत एक पाऊल मागे सरला. एकनाथनं तांब्या भिंतीवर आपटला नाही, खाली ठेवला, आणि तोही इतक्या जोरानं की पाणी सगळ्या टेबलभर झालं. “आभार मानलेत म्हणे,” तो म्हणाला आणि बाहेर पडला.

पालघरहून काढलेली सायकल तो उमरोळी येईपर्यंत न थांबता मारत राहिला. ऊन डोक्यावर होतं. कुणावर रागवायचं? त्या देशावर? त्या देशाचं नाव एका कागदावर वाचलेलं, त्यापलीकडे त्याला काही माहीत नव्हतं. हॉटेलात बसलेल्या त्या चौघांना घिवली नावाचं गाव आहे हे ठाऊक नव्हतं, आणि त्यांच्या टायपिस्टला बोयसर कसं लिहायचं तेही ठाऊक नव्हतं. आणि तरी त्यांच्या टेबलावरून एक रेघ निघून सरळ जानूच्या पाठीपर्यंत आली होती, त्या गोणीखाली वाकलेल्या पाठीपर्यंत. तिथला कायदा त्यांच्या किनाऱ्याशी संपत होता, इथला सुरू झाला नव्हता. मधल्या एवढ्या पाण्यात घिवली होती. आणि तो स्वतः? तो शहाणा, मॅट्रिक, ‘सगळ्यांसमोर’वाला, ज्यानं बायकोचं ऐकलं नाही, ज्यानं सरकारी शिक्का बघून चार वर्षांची पुंजी देऊन टाकली. बोयसरला खोलीकडे वळायच्या जागी तो वळला नाही. सायकल तशीच घिवलीच्या रस्त्याला लागली. तो रविवार होता. रविवारी बांधकाम बंद असायचं.

जानूच्या अंगणात मंजुळा, जानूची बायको, सुपात सुकट निवडत होती. तिनं त्याला बघितलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला, एवढंच म्हणाली, “मागं हायत.” जानू घरामागे माडाखाली बसून एका जुन्या तागाच्या जाळ्याला गाठी मारत होता. होडी नव्हती तरी जाळं ठेवलं होतं. एकनाथ उभ्याउभ्या बोलायला लागला. चार वर्षांनी भावाशी बोलतोय, आधी काही विचारपूस करावी, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. त्यानं राऊत, जीप, चार कारखाने, हॉटेल, टायपिस्ट, दोन सरकारं, सगळं सांगितलं, पुढचं मागे, मागचं पुढे. जानूची बोटं गाठी मारत राहिली.

“म्हणजे मी नव्हतो, दादा,” एकनाथ शेवटी म्हणाला. “मी केलं नव्हतं ते.”

“म्हायत हाय मला,” जानू म्हणाला.

“आत्ता कळलं ना—”

“आत्ता नाय. तवाच म्हायत व्हतं.” जानूनं जाळं खाली ठेवलं. “तुला काय वाटलं, आमी एका आयेच्या पोटचं, मला कळत नाय तू काय करशील न काय नाय? लहानपनी दुसऱ्याच्या डोलीच्या जाळ्यातला बोंबील उचलला नाय तू. म्हायत व्हतं.”

“मग चार वर्सं तू माझ्याशी—”

“तू पळालास!” जानू उभा राहिला. त्याचा आवाज इतका मोठा झाला की मंजुळा सूप घेऊन दारात आली. “पडवीतनं उठलास, घरी आलास, ट्रंक उचललीस न बायकोला घेऊन बोयसरला ग्येलास. मी तितं बसलेला व्हतो! पन्नास मानसं, आन मी एकटा. मी म्हनतो माजा भाव तसला नाय, ते म्हनतात मग ग्येला कुटं? काय सांगू? काय सांगू मी? आठ दिवस भांडलो. चंद्रभानकाकाचा गळा धरला मी. गावानं माज्या होडीवर यायचं बंद केलं, एक खलाशी मिळंना मला. जाळं कुजलं म्हनून इकली व्हय मी होडी? मानूस नव्हतं म्हनून इकली. आन तू तितं टेबलावर बसून टिकमार्क करतोस, आन तोंड असं, जसं तुजंच घर बुडालं!”

एकनाथच्या रागाला पालघरपासून इथवर जी धार होती ती एकाएकी त्याच्याच अंगात फिरली. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलं नव्हतं. रोज सकाळी समोर उभ्या राहणाऱ्या माणसाला त्यानं एकदाही विचारलं नव्हतं, दादा, होडी का विकलीस. त्यानं स्वतःच उत्तर ठरवून ठेवलं होतं, आणि त्या उत्तराला स्वतःचं दुःख लावून चार वर्षं ते गोंजारलं होतं. माडाच्या सावलीत दोघे धापा टाकत उभे राहिले. जानू रडत नव्हता, पण त्याच्या भुवईत कालपासून राहिलेल्या सिमेंटच्या भुकटीवरून घामाची एक रेघ खाली आली होती. मंजुळा म्हणाली, “जेवून बोला.”

“कागद मिळायचा नाय,” एकनाथ म्हणाला. “एक ओळसुद्धा मिळायची नाय.”

“कागदाचं काय करतोस,” जानू म्हणाला आणि पुन्हा खाली बसला. “येत्या अष्टमीला सोसायटीची सभा हाय. भांगाचं दिवस हायत, सगळी आसतील. यायचं तर ये. मी तुला घेऊन जानार नाय. तुज्या पायानं ये.”

अष्टमीला कामाचा वार होता. एकनाथनं मुकादमाला सांगितलं नाही, रजा मागितली नाही, हजेरीचं टेबल दुसऱ्याच्या हवाली करून दुपारी तीन वाजता तो घिवलीच्या पडवीत शिरला. ओहोटी लागली होती, होड्या चिखलात एका बाजूला कलंडलेल्या. पडवीत तीसपस्तीस माणसं होती. जानू भिंतीला टेकून बसला होता. त्यानं ह्याच्याकडे बघितलं नाही. चंद्रभानकाका खांबाशी, पूर्वीच्याच जागी. आता मोतीबिंदूनं त्यांचा एक डोळा पांढरा झाला होता. नवा सेक्रेटरी काहीतरी वाचत होता तो थांबला. मागून कुणीतरी म्हणालं, “ह्यो कशाला आला?” दोघे तिघे उठून चपला शोधायला लागले.

एकनाथ मध्ये जाऊन उभा राहिला. वाटेत त्यानं वाक्यं जुळवली होती, ती सगळी पुसली गेली. “चंद्रभानकाका,” तो म्हणाला, “तुमी म्हनालात चारी कागद एकाच हाताचं. तुमचं बरोबर व्हतं. पन हात माजा नव्हता.” आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. गोपनीय म्हणून राऊतनं जे बोलायला नको होतं ते सगळं तो बोलला, कारखान्यांबद्दल, पेढ्यांबद्दल, दोन सरकारांच्या पत्रांबद्दल, तिथं खाली आलेल्या आणि इथं तसेच राहिलेल्या भावाबद्दल. बोलताना त्याचा आवाज मधेच फुटायचा, तो ओरडायचा, परत खाली यायचा. कुणीतरी हसलं. एवढी मोठमोठी सरकारं आन घिवलीचं सूत, असं कुणीतरी म्हणालं. काकांनी हात वर केला तसे सगळे गप्प झाले.

“कागद कुटं हाय?” काकांनी विचारलं.

“दिले.”

“सरकारचं पत्र?”

“देत नायत.”

“मग कशावरनं?”

“कशावरनं नाय,” एकनाथ म्हणाला. “कागद नाय, काका. मी हाय. त्या दिशी मी उठून ग्येलो, ती चूक केली. आज उठनार नाय. ज्याला इचारायचं त्यानं इचारा.”

तो खाली बसला, पडवीच्या मधोमध, जमिनीवर मांडी घालून. उठलेल्यांपैकी दोघे निघून गेले. तिसरा हातात चपला घेऊन दाराशी थांबला. काकांनी एका डोळ्यानं त्याच्याकडे बघितलं, मग पुढे वाकून, कान त्याच्या बाजूला करून म्हणाले, “त्या देसात सुताचा काय भाव हाय म्हनलास आता?” भिंतीशी बसलेला जानू सरकला, एकनाथच्या शेजारी येऊन बसला, आणि एकनाथनं उत्तर द्यायच्या आधी त्या दाराशी थांबलेल्या माणसावर खेकसला, “बस खाली! ऐकू दे काकाला.”